हाव म्हणणाऱ्यांना पाणी नाही

लातूर जिल्हा नवानवा झाला होता, आणि आमच्या ऑफिसात पाण्याच्या आधी कम्प्युटर आला. तो चालवायला माणूस हवा, म्हणून नांदेडच्या एका क्लासात तीन महिने 'बेसिक' ही कम्प्युटरची भाषा शिकून आलेला मी तिथं रोजंदारीवर लागलो. कुणी विचारलं की वडील सांगायचे, "पोरगं यंत्राला हुकूम सोडतंय." हुकूम कसला डोंबलाचा! मला एकच येत होतं, इफ-देन-एल्स. जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. एवढ्या भांडवलावर मी मिशीला पीळ देत फिरायचो.

दुष्काळ पडला होता. कम्प्युटरला गरमी सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीत कूलर बसवला होता, आणि शिपाई रोज सकाळी त्यात दोन बादल्या पाणी ओतायचा. व्हरांड्यातला माठ मात्र कोरडा. बाहेरगावचे लोक काहीतरी निमित्त काढून माझ्या खोलीत येऊन बसायचे. मला वाटायचं, माझी अक्कल बघायला येतात.

साहेब म्हणाले, "टँकर कुठल्या गावाला द्यायचा ते आता यंत्र ठरवेल. वशिला बंद!" मी दोन दिवसांत प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर प्रश्न यायचा, 'पाणी नाही का?' उत्तर वाय किंवा एन. मी अट घातली: एन असेल तर टँकर, नाहीतर पुढचं गाव. एन म्हणजे नाही, आणि नाही म्हणजे पाणी नाही. माझ्या मते विषय संपला.

सोमवारी ग्रामसेवक रांगेनं आले. कारकून पडद्यावरचं वाचून खड्या आवाजात विचारायचा, "पानी न्हाई का?"

"हाव!" कोरड्या गावचा ग्रामसेवक म्हणायचा. हाव म्हणजे होय, होय म्हणजे वाय. कारकून वाय दाबायचा आणि गाव जायचं एल्समध्ये. ज्याच्या विहिरीला अजून पाणी होतं तो म्हणायचा, "न्हाई न्हाई, हाय की!" कारकुनाच्या कानावर पहिली न्हाई पडली की त्यानं एन दाबलाच. त्या गावाला टँकर.

आमच्याकडं 'नाही का?' असा उलटा प्रश्न विचारला आणि खरंच नसलं, तर हाव म्हणायचं, हे तिसरीतलं पोरगंही जाणतं. मी जाणत नव्हतो, कारण मी क्लास केला होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

यादी छापून निघाली. टँकर निम्म्याहून कमी लागले. साहेब लई खूश! "बघा, टंचाई नीट मोजली की केवढी कमी निघते," म्हणत त्यांनी सही ठोकली, वरच्या ऑफिसला स्वतःच्या कौतुकाचं पत्र धाडलं आणि मला पेढा दिला. मी तो खाल्ला.

चौथ्या दिवशी आक्का आली. माझी थोरली बहीण, निलंग्याकडच्या एका कोरड्या गावात दिलेली. एसटीतून उतरून थेट ऑफिसात. "काय करायलास रं तू हितं? कोसभर तंगडतोड करून पानी आणतोय आमी, आन् तुझी मशीन म्हणती, आमाला पानी हाय?"

मी कारकुनाला विचारलं, यादी काढून बघितली, तर कोरडी गावं सगळी एल्समध्ये. धावत साहेबांकडं गेलो. "साहेब, अट उलटी पडली."

साहेबांनी फाइलमधून मान वर केली नाही. "कम्प्युटर चुकत नसतो. आणि पत्र वर गेलंय. पंधरा दिवसांनी नवी यादी निघेल, तेव्हा बघू. तोवर चुकलं म्हणालास तर उद्यापासून येऊ नकोस."

मग मी काय केलं? शूरच ना मी! गुपचूप आक्काच्या गावापुढचा वाय पुसून एन केला. पुरवणी यादीत एक गाव वाढलं, साहेबांनी न वाचता सही केली. आक्काला सांगितलं, "जा, उद्या टँकर येतोय." वर पाठ थोपटून घेतली स्वतःचीच.

आठ दिवसांनी आक्का परत आली. मला वाटलं, धपाटे घेऊन आली असेल. ती खुर्चीवरसुद्धा बसली नाही.

"शेजारच्या गावच्या बाया घागरी घेऊन आमच्या टँकरवर आल्या व्हत्या. आमच्या लोकांनी हाकलून दिलं त्यांना. एक दोन जिवाची व्हती रं, ढकलाढकलीत पडली. मला म्हणती, तुझा भाऊ मशीनवर हाय म्हणून तुला पानी. आमाला भाऊ न्हाई तर आमी कुठं जावं? काय सांगू मी तिला?"

"आक्का, माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे मग," ती म्हणाली आणि निघून गेली. मला तिचा रागच आला. खरं तर लाज वाटत होती, पण राग सोपा पडतो.

दोन दिवसांनी ऑफिसात पोचलो तर पायऱ्यांवर बाया बसलेल्या. पहिल्या एसटीनं आल्या होत्या, मांडीवर रिकाम्या घागरी घेऊन. मधोमध आक्का, आणि तिच्याशेजारी ती दोन जिवाची, कोपराला फडकं बांधलेली. तेवढ्यात साहेब जीपमधून उतरले आणि माझ्यावरच खेकसले, "कोण रे ह्या सगळ्या?"

"माझ्या बहिणी आहेत, साहेब," मी म्हणालो. "यादी मी चुकवलीय."