सुईणबाईंच्या बाळंतिणी

सुईणबाई सिडनीतल्या केलीव्हिलच्या घरातून “दार लाव रे” म्हणाल्या, की पॅरामॅटातल्या बँकांची दारं बंद व्हायची. ‘सुईणबाई’ हे नाव आम्हीच ठेवलेलं. कामावर मात्र त्या कुजबुजत शिव्या द्यायच्या, आणि त्या जास्त लागायच्या.

स्कोफिल्ड्सच्या पलीकडच्या प्राणी-प्रजनन केंद्रात आम्ही डनार्ट वाढवायचो. दिसायला उंदीर, पण पोटाला कांगारूसारखी पिशवी. पिल्लं तांदळाच्या दाण्याएवढी जन्मतात आणि सव्वा महिना त्या पिशवीत चिकटून राहतात. आई बिथरली, तर पिल्लं खाऊन टाकते. म्हणून बाईंच्या लेखी त्या माद्या म्हणजे बाळंतिणी. खोलीत अंधार, ऊब, परक्याला बंदी. किडे वाढताना म्हणायच्या, “हे यांचे डिंकाचे लाडू. तू सेंट मारून आलायस, गाढवा? बाहेर हो.” माझा सेंट म्हणजे अंगाचा साबण.

त्यांची लेक पुण्यात पहिलटकरीण. पण कोविडमध्ये इथून बाहेर पडायलाही सरकारी परवानगी लागायची, आणि बाईंना दोनदा नकार आला. लेकीचं बाळंतपण म्हणे निकडीचं नाही. घोड्यांच्या शर्यती तेवढ्या निकडीच्या. शर्यती एक दिवस थांबल्या नाहीत. माझं डोकं आजही त्यावर चहा उकळेल इतकं तापतं.

“बरं,” बाई म्हणाल्या, “तिचा सव्वा महिना मला मिळत नाही ना? मग इथल्या सव्वा महिन्याला कोण हात लावतो, बघतेच.”

मॅनेजरने लावला. केंद्र लोकांना बंद, म्हणून त्याला पिल्लांचा व्हिडिओ हवा होता. “टू मिनिट्स, मेट. नो वरीज.” बाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मुकाट परतला. आमच्या टीमच्या सुट्टीच्या दिवशी मात्र भर आर्व्होत, म्हणजे दुपारी, मोठा लाइट घेऊन आत शिरला.

दुसऱ्या सकाळी सगळ्या पिशव्या रिकाम्या.

“परत होतील, मेट,” तो इंग्लिशमध्ये म्हणाला. मी त्याला जे मराठीत ऐकवलं, त्याने बाहेरचं गवत वाळलं. बाईंनी एकही शिवी न देता खोलीचं दार लावून घेतलं. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

त्याच आठवड्यात चहाच्या वेळी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. नात झाली होती. जावयाने कौतुकाने मोबाइलचा टॉर्च थेट बाळाच्या तोंडावर धरला.

“तो दिवा बंद करा.”

“अहो आई, मग बाळ दिसणार नाही.”

“नाही दिसलं तर नाही.”

स्क्रीन काळी झाली. बाईंनी फोन कानाला लावला आणि चहा पार गार होईपर्यंत नातीचा श्वास ऐकत बसल्या.