नळदुर्गचा दुसरा धबधबा

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण "चल, फिरून येऊ" असं आमचे हे स्वतःहून कधी म्हणाले नव्हते. त्यामुळे फाल्गुनात जुळे सोलापुरात आमच्या फ्लॅटखाली भाड्याचं मोटरहोम उभं राहिलं, आत पलंग, ओटा, मोरी सगळं, तेव्हा आनंदाच्या आधी माझ्या मनात पाल चुकचुकली. हे काहीतरी लपवतायत. काय, ते घरी परतायच्या आत काढून घ्यायचं मी ठरवलं.

बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली. तुम्हीही घ्या, गाडीत ओटा असला तरी हलत्या गाडीत फोडणी देता येत नाही. सकाळ-संध्याकाळ गजर लावून हे माझ्या डोळ्यांत थेंब घालत. म्हणे, "कोरडे पडलेत." मग मागच्या महिन्यात डोळे दाखवायला गेलो, तेव्हा मला बाहेर बसवून डॉक्टरांशी आत एकटेच इतका वेळ का बोलत होते?

पहिला मुक्काम नळदुर्ग. रस्ता झकास, किल्ल्यात चढउतार भरपूर. यंदा पाणी टिकलं होतं, म्हणून नर आणि मादी या जोडधबधब्याच्या बारीक धारा अजून पडत होत्या. मला एकच दिसली.

"दुसरी बंद केलीय वाटतं," मी म्हणाले.

आमचे ड्रायव्हर रशीदभाई हसले. "भाभी, दोन्ही चालू हायत की!"

ह्यांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. म्हणजे ड्रायव्हरही कटात!

दुसऱ्या दिवशी नान्नजचं अभयारण्य. सकाळी लवकर जा, नंतर ऊन चावतं. वनरक्षक कुजबुजले, "त्या बाभळीच्या उजवीकडं बघा, लई मोठं काळवीट हाय." मी मान वळवून शोधेपर्यंत म्हणे ते पळालं. पर्यटकांना गंडवायची चांगली युक्ती आहे, असं मी तिथंच मोठ्यानं बोलले. बिचारे खाली बघत राहिले.

टेंभुर्णीजवळच्या गुलाबबागेत तर कहर झाला. वाटेतला दगड मला लागायच्या आधीच यांचा हात माझ्या दंडावर आला. यांना आधीच कसं कळलं?

घरी येऊन या लेखासाठी ह्यांच्या मोबाइलमधले फोटो चाळले. नळदुर्गला धारा दोन होत्या. बाभळीच्या उजवीकडं काळवीट उभं होतं, चांगलं शिंगं उभारून.

"अहो," मी विचारलं, "ते थेंब कशाचे आहेत?"

थेंबांची बाटली हातात घेऊन हे म्हणाले, "काचबिंदूचे. कडेची नजर गेलीय, ती परत येत नाही. उरलेली थेंबांनी टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. तू घाबरशील म्हणून... आधी चार चांगल्या गोष्टी बघून घे म्हटलं."

मी खूप भांडले, मग खूप रडले. आता थेंबांचा गजर मीच लावते.

निघण्यापूर्वी गाडीचे टायर तपासाल, तसे डोळेही तपासून घ्या. आणि नान्नजच्या वनरक्षक दादा, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐका: काळवीट होतं. माझं चुकलं.