रुद्राणीने पकडलेला पाव्हणा

उदगीरच्या संगप्पा कापडवाल्यांची रुद्राणी मॅट्रिक झाली आणि त्यानंतर तिनं जे वाचलं ते सगळं खुनाबिनाचं. पोरासोरांसाठी लिहिलेल्या रहस्यकथा हो, पातळ कव्हरच्या, वर लाल पंजा नाही तर पडका बंगला. बाईसाहेब भाकरी थापता थापता चुलीच्या उजेडात वाचायच्या, आणि भाकरी करपली की दोष चुलीला.

शंभरेक पुस्तकं पोटात गेल्यावर तिला सगळं पाठ झालं होतं. चार दोस्त असणार, त्यातला एक खादाड. एक चष्मेवाली हुशार पोरगी, जिचं आधी कुणीच ऐकत नाही. आईबाप नेमके परगावी गेलेले. फौजदार पोरांना हाकलून देणार. लंगडा माळी दिसला की समजायचं, हा बिचारा निर्दोष. शाळेत नवा देखणा मुलगा आला, फार गोड बोलतोय, म्हणजे त्याच्या मागे काहीतरी आहे. आणि सगळ्यांच्या आधी धावून येणारा, न विचारता उत्तरं देणारा कुणी काका असला की संपलंच. रुद्राणी दहाव्या पानावर पेन्सिलीनं फुली मारायची. तिच्यानंतर वाचनालयातून पुस्तक नेणारे तिला शिव्या घालायचे, ते वेगळं.

तर अशा या आमच्या फौजदारणीला बघायला पाव्हणा येणार होता.

लातूर जिल्हा होऊन वर्ष व्हायचं होतं. मुलगा नव्या कलेक्टर कचेरीत कारकून, नाव रेवणसिद्ध. स्थळ आणलं होतं तिच्या मामांनी, महादेवप्पांनी. त्या साली दुष्काळ असा, की सोयरीक जुळवताना लोक आधी पाण्याचं विचारत, मग पगाराचं. थोरली लेक निलंग्याकडं दिली होती, ती रोज दोन कोस पाणी वाहून वाळून गेली होती. संगप्पांनी म्हणून ठरवलंच होतं, धाकटीला पाणी असलेल्या घरीच द्यायची. मामांनी छातीवर हात मारला, "भावजी, जिल्ह्याचं गाव हाय ते. घरात नळ. चोवीस तास."

संगप्पांनी लेकीला एक शब्द मात्र दिला होता. "पाव्हणे संध्याकाळच्या गाडीनं जातील. त्याआधी तुझं हो का न्हाई ते सांग. तुझ्या मनाविरुद्ध करणार न्हाई."

म्हणजे जन्माचा फैसला एका दिवसात. हिनं पदर खोचला आणि माजघराच्या दारामागं उभी राहिली.

पाव्हणा मामांबरोबर सकाळच्या एस.टी.नं आला. उंच, गोरा, बोलायला मऊ. वाकून "शरणार्थ" म्हणाला. रुद्राणीच्या डोक्यात पहिली घंटा तिथंच वाजली. नवा, देखणा, गोड.

गूळपाणी पुढं आलं. पाव्हणा म्हणाला, "आत्ता नको."

चुरमुऱ्यांचा सुशीला आला, वर लिंबू पिळलेला. "राहू द्या."

चहा आला. "नको मला."

संगप्पांचा चेहरा पडला. बघायला आलेला पाव्हणा पाण्याला हात लावत नाही, याचा अर्थ आमच्याकडं एकच, सोयरीक नको. मामा मात्र लगेच मध्ये पडले. "तहान न्हाई त्याला! लातूरला पोट भरून निघालाय."

रुद्राणी स्वयंपाकघरात आईला, तुळजाबाईला म्हणाली, "अव्वा, यात गोम हाय."

"तुझ्या त्या पुस्तकात असंल गोम. गप बस."

"एप्रिल महिना, दोन तासाचा एस.टी.चा धुरळा, आन् तहान न्हाई? ओठ बघ त्याचे, भेगाळलेत. आधीची बायको असंल त्याला. नायतर आपल्या पाण्यात काही मिसळलंय असं वाटत असंल."

"मीच मिसळते आता काहीतरी, तुझ्या चहात," तुळजाबाई म्हणाल्या.

"आन् कपाळ बघितलंस का? दहा वाजलेत, लिंगायताचा पोरगा, विभूतीची एक रेघ न्हाई."

बाहेर संगप्पांनाही तेच खटकलं असावं. त्यांनी नुसतं कपाळाकडं बघितलं, तोवर मामा बोलले, "घामानं पुसली, भावजी. रुमाल फिरवत हुता गाडीत."

दाराआड रुद्राणी थबकली. बाई गं. प्रश्न तर कुणी विचारलाच नव्हता!

एवढ्यात संगप्पांनी पाव्हण्याला हातपाय धुवायला न्हाणीकडं पाठवलं. तांब्या भरून ठेवलेला होता. खिडकीच्या फटीतून हिची तपासणी चालूच. पाव्हण्यानं तांब्या उचलला, पाण्याकडं जरा वेळ बघितलं, बोटांवर धार धरली, ओली बोटं तोंडावरून फिरवली आणि पाऊण तांब्या तसाच हळूच खाली ठेवला. एक थेंब दगडावर सांडू दिला नाही.

थोरली बहीण माहेरी आली की अगदी असंच हात धुवायची.

रुद्राणी खिडकीपाशीच उभी राहिली. चोवीस तास नळ असलेल्या घरातला माणूस पाण्याला असं जपत नाही. याच्या घरी पाणी नाही. पाणी नाही म्हणून आंघोळ नाही, आंघोळ नाही म्हणून लिंगपूजा नाही. आणि पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, हे तर तिच्या घरातही चालत आलेलं. हा चोर नव्हता. कडकडीत उपाशी होता बिचारा, आणि ही त्याच्यावर आधीची बायको लादून मोकळी झाली होती!

परसातला आड तळाला गेलेला, माणशी अर्धी बादली मिळायची. पाव्हणा बैठकीत परतल्यावर तिनं स्वतःची अर्धी बादली उचलली, न्हाणीत नेऊन ठेवली, वर धुतलेला पंचा टाकला आणि सरळ बैठकीच्या दारात आली.

"अप्पा, पाव्हण्यांची पूजा व्हायचीय. पाणी ठेवलंय."

मामा हसले, "अगं येडे, लातूरला नळ हाय..."

"नळ हाय मामा," रेवणसिद्ध म्हणाला, "पाणी न्हाई. बारा दिवसांनी येतंय. काल यायचं हुतं, न्हाई आलं." मग संगप्पांकडं वळून, "मामा म्हणले हुते, पाण्याचं काढू नको. पूजेला पाणी मागितलं असतं तर घरी का न्हाई केली, हे तुम्ही विचारलंच असतं. म्हणून गप बसलो. चुकलं माझं."

संगप्पा मामांकडं असे बघत राहिले, की मामांना एकदम पान आणायला जायचं आठवलं.

"आधी आंघोळ करा," संगप्पा एवढंच बोलले. आत येऊन मात्र तडकले, "एक लेक पाण्यापायी वाळली, दुसरीला वाळवू व्हय? खोटं बोलून आलेत! न्हाई म्हणून सांगतो."

"शब्द दिलाय तुम्ही, अप्पा. मला सांगू द्या."

पूजा आटोपून, कपाळावर तीन रेघा ओढून पाव्हणा बैठकीत आला आणि उभ्या उभ्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला. तुळजाबाईंना हसू आवरेना, त्यांनी सुशील्याची बशी दुसऱ्यांदा भरली.

रुद्राणीनं दारातूनच विचारलं, "मामा म्हणले म्हणून तुम्ही गप बसला. उद्या तुमच्या अव्वा म्हणल्या, बायकोला हे सांगू नको, तर?"

पुस्तकातला देखणा असता तर छातीवर हात ठेवून शपथ घेतली असती. हा बशी हातात धरून विचार करत राहिला. चांगला चारदोन घास खाण्याइतका वेळ.

"खात्रीनं सांगता येत न्हाई," तो म्हणाला. "मोठ्यांपुढं माझी जीभ उचलत न्हाई. पण तुम्ही विचारलं तर खोटं सांगणार न्हाई. आता तरी कुठं सांगितलं?"

खरंच होतं ते. विचारल्यावर तो एकदाही खोटं बोलला नव्हता.

"घागरी मला एकटीला वाहता येणार न्हाईत," रुद्राणी म्हणाली.

"दोन मी आणतोच की. कचेरीला जायच्या आधी."

ती आत वळली. संगप्पा कोनाड्याला टेकून उभे होते.

"बारा दिवसांनी पाणी, पोरी," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"मला आता आधीच कळलंय, अप्पा. ताईला तिथं जाऊन कळलं."

संगप्पांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं, डोळ्यांवरून एकदा हात फिरवला आणि बाहेर जाऊन पाव्हण्याला विचारलं, "सोमवारी तुमच्या घरच्यांना घेऊन येता का?"