दत्ताभावजींचा पाट

धारहून फोन आला तेव्हा मी मागच्या दारात कपडे वाळत घालत होते, आणि नाकाला पदर होता. आमच्या घरी कपडे वाळत घालायचे म्हणजे आधी वारा बघावा लागतो. देवासच्या बाहेर, सडकेला लागून घर, आणि घरामागे कोंबड्यांची शेड. वारा तिकडून आला की धुतलेल्या साडीलाही तो वास लागतो. फोनवर दत्ताभावजींची बहीण होती. "वहिनी, दत्ता गेला. सकाळी चहा घेतला, मग धाप लागली ती थांबलीच नाही." मी खाली बसले. रडू नंतर आलं. आधी काय आठवलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. आठवला तो पाट. त्यांना मी थाप मारली होती, की पाट घरात जपून ठेवलाय. तो तर शेडमध्येच खिळ्याला टांगलेला होता, तीन वर्षं.

दत्ताभावजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे चुलतभाऊ. आमची माणसं कधीकाळी मराठी राजांच्या दरबाराबरोबर इकडे आली आणि इथलीच झाली. ह्यांचं घराणं धारचं, आम्ही नोकरीपायी देवासला. भावजींची सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून झाली. लग्न केलं नाही. जनावरांपुढे त्यांचं तोंड चाले, माणसांपुढे मुकाट. हे कारखान्यातून रिटायर झाले आणि डोक्यात कोंबडीपालन शिरलं. कंपनी एका दिवसाची पिल्लं आणून टाकते, खाणं देते, दीड महिन्यानं येऊन भरून नेते. आपण फक्त शेड द्यायची आणि सांभाळायचं. सांभाळायला ह्यांनी भावजींना बोलावून घेतलं. "दत्त्या, तुझ्या हातात यश आहे," म्हणाले. आले बिचारे एक ट्रंक घेऊन.

मी त्यांच्याशी नीट वागले असं म्हणणार नाही. शेडमधून जेवायला यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला, केसांना, चष्म्याच्या दोरीलासुद्धा वास असायचा. दोनदा आंघोळ करून यायचे तरी मी त्यांचं ताट दाराजवळ मांडायची. त्यांना ते कळायचं. तिथंच बसून जेवायचे. आणि एक दिवस बघते तर स्वयंपाकघरातला सगळ्यात लहान पाट गायब. सागवानी, चार कोपऱ्यांना पितळेच्या फुल्या, सासूबाई माझ्या मुलाला, निखिलला, लहानपणी त्यावर बसवून भरवायच्या. शोधत शेडपर्यंत गेले, दारातून डोकावले, तर भावजी महाशय कोंबड्यांच्या मधोमध, त्या घाणीत पाट टाकून, मांडी घालून बसलेले. डोळे मिटलेले. मला वाटलं, चक्कर आली की काय.

"वहिनी, उभं राहिलं की कळत नाही," म्हणाले. "हिच्या नाकाच्या उंचीवर आपलं नाक आणलं की समजतं खाली काय चाललंय. स्टूल उंच पडतं. पाट बरोबर बसतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेवायचा पाट कोंबड्यांच्या विष्ठेत! म्हटलं, आता तो मेला तिथेच राहू द्या, माझ्या घरात आणायचा नाही. भावजींनी दाराशेजारी एक खिळा ठोकला आणि तो तिथं टांगला. रोज सकाळ-संध्याकाळ काढून बसायचे.

खाली काय चाललं होतं ते आता मला माहीत आहे. जमिनीवर साळीचं तूस पसरलेलं असतं. पिल्लं लहान असतात तोवर ते कोरडं, पिवळं, छान दिसतं. मग पिल्लं फुगत जातात. फुगतातच म्हणायचं, वाढतात म्हणवत नाही. महिन्यात जागा सरते, पांढऱ्याला पांढरं खेटतं, तूस ओलं होऊन चिखलाचा थर होतो, आणि त्यातून जो अमोनिया उठतो तो आपल्या नाकाला नंतर, त्यांना आधी. थंडीत ऊब टिकावी म्हणून शेडच्या बाजूंचे पडदे खाली सोडायचे, मग तर बघायलाच नको. भावजी तूस हलवत राहायचे, ओलं काढून चुना टाकायचे, भांडून पडदे वर करायचे. एकदा त्यांनी शेडच्या एका टोकाला जाळी लावून कप्पा केला. त्यात कोंबड्या कमी, तूस कोरडं, चढून बसायला बांबू. तिथल्या कोंबड्या चालायच्या, पंख झाडायच्या, भांडायच्यासुद्धा. शेवटच्या आठवड्यात बाकीच्या शेडमधल्या वाढायच्या थांबल्या, नुसत्या धापा टाकत बसल्या, तेव्हा या कप्प्यातल्या वाढतच होत्या. तोलून दाखवल्या त्यांनी. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "सगळी शेड अशी करू तर निम्म्या कोंबड्या राहतील, दत्त्या. खुळा आहेस का?" पुढच्या खेपेला जाळी काढून टाकली.

त्या वर्षीचा देवीचा कुळाचार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमच्यात देवीला कोंबडं लागतं. एरवी गावठी कोंबडं सरदारपूरकडून यायचं, लाल तुऱ्याचं, हातात धरवत नाही असं. त्या वर्षी ह्यांना वाटलं, घरात एवढ्या कोंबड्या असताना बाहेरून कशाला. त्यातलाच एक पांढरा नर उचलून आणला. रीत अशी की देवीपुढे त्याला उभं करायचं, डोक्यावर पाणी शिंपडायचं, आणि त्यानं अंग झाडलं की देवीनं घेतला. हे पाणी घेऊन बसले, भावजींनी कोंबडा धरून पुढे ठेवला. हात सोडला तसा तो बसला. पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. पाणी शिंपडलं, तर नुसती मान खाली घातली. अंग झाडायला अंगात काही असावं लागतं. भावजींनी त्याला हळूच उलटा केला. छातीची पिसं गेलेली, कातडी लालभडक, सोललेली. तळव्यांना काळे खड्डे, भाजल्यासारखे. गुडघ्यांवरही तेच. देवीपुढे, हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी ते पाय मी बघितले आणि ताट बाजूला ओढलं.

"हा आपल्या घरचा, वहिनी," भावजी एवढंच म्हणाले.

शेजारगावातून धावतपळत गावठी कोंबडा आणला, कुळाचार पार पडला. आणि पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी तोच पांढरा मी कापवून घेतला, भरपूर मसाला घालून रस्सा केला, आणि वाढला. मी. या हातांनी. वाया कशाला घालवायचा, हा विचार. सगळे भुरके मारून जेवले. भावजींनी ताट हळूच बाजूला सारलं. "देवीला चालला नाही तो आपल्याला चालतो का हो, वहिनी?" हे म्हणाले, नखरे नकोत. मी त्यांना लोणचं वाढलं. आज तो रस्सा आठवला की किळस येते... त्याची नाही, माझी.

त्याच वर्षी थंडीत बिनसलं. पडदे बंद, कोंबड्यांचे डोळे सुजून चिकटलेले, पाण्यापर्यंत जाता येईना म्हणून काही जागीच मेल्या. भावजींनी सगळे पडदे वर केले, ह्यांनी सगळे खाली केले. भावजी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्यापुढे आवाज चढवून बोलले. "दादा, दहा मिनिटं त्या पाटावर बस. फक्त दहा मिनिटं. मग तू म्हणशील ते." हे हसले. "मी काय कोंबडी आहे?" निखिलही हसला, "काका, आप भी ना... इतना कोई सोचता है क्या!" भावजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी?" मी नाक मुरडून आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन ते धारला परतले. खोकला इथूनच बरोबर घेऊन गेले. शेडमुळेच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणते.

शेवटची भेट धारला झाली. अंगणात पाच-सहा गावठी कोंबड्या मोकळ्या फिरत होत्या, एक तर त्यांच्या खाटेखालून ये-जा करत होती. भावजींना वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं. विचारलं, "पाट... आहे का अजून?" मी म्हटलं, आहे हो, घासूनपुसून ठेवलाय घरात. ते हसले. खोटं कळलं असणार. "एकदा बसा, वहिनी. दहा मिनिटं." मी म्हटलं, बसेन. देवाशपथ बसेन. त्यानंतर आठच दिवसांत हा फोन.

तेराव्याला धारला जाऊन आलो. घरी आलो तर शेडशेजारी नव्या शेडसाठी चुन्याच्या रेघा मारलेल्या. पहिलीएवढीच लांब, तशीच. निखिलचा उत्साह ओसंडत होता, "आई, डबल हो जाएगा अपना काम." ज्यानं पहिली शेड सांभाळली त्याचं सुतक नुकतं फिटलं होतं. शेडमध्ये त्या वेळी पिल्लं होती, महिना होईपर्यंत ती फुगून शेड भरली.

महिन्यानं भावजींच्या मासिक श्राद्धाला मी वरण-भात, कढी, वडे, खीर सगळं केलं. आणि मग एकटी शेडमध्ये गेले. खिळ्यावरून पाट काढला, मधोमध टाकला आणि बसले. पहिल्यांदा काही नाही. मग डोळ्यांत कांदा चिरल्यासारखं झालं, घसा कोरडा पडला, छातीत काहीतरी चढायला लागलं. माझ्यासमोर एक कोंबडी पाण्याकडे निघाली होती. गुडघ्यांवर. चार पावलं गेली, बसली, तिथंच डोळे मिटले. माझ्या पदराला टेकून दुसरी धापा टाकत होती आणि तिचं अंग इतकं गरम की साडीतून कळत होतं. दहा मिनिटं झाली की नाही, देव जाणे. मी उठले, दाराशी जाऊन ओकले, चूळ भरली.

मग ताटं तिथंच आणली. ह्यांचं, निखिलचं, आणि पाटावर भावजींचं. भटजींना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. हे लाल झाले. "वेड लागलंय तुला? मासिकाचं पान इथं?" मी म्हटलं, जिथं ते रोज बसायचे तिथंच वाढलंय. बसा. दहा मिनिटं. निखिलनं वडा तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. बाहेर गेला. हे हट्टानं बसले, एक घास खाल्ला, दुसरा हातातच राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते भावाचं होतं की अमोनियाचं, ते त्यांनाच ठाऊक. उठून गेले.

त्या दिवशी मी पाट घरात आणला. राखेनं घासला, लिंबू चोळलं, आठ दिवस उन्हात ठेवला. वास जात नाही. सागवानात मुरलाय. चुन्याच्या रेघा अजून तशाच आहेत, खणायला कुणी आलेलं नाही. अधूनमधून जेवताना निखिल विषय काढतो, "पापा, वो नई शेड का..." मी वाद घालत नाही. उठते, कोपऱ्यातला पाट आणते, आणि ह्यांच्या शेजारी मांडते.