माल्टाच्या अर्जावरचा शेरा

भास्करच्या अर्जावरचा शेरा मी मारला होता. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. भास्कर जाऊन आता सात आठवडे होतील. त्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या कार्यालयात नुकताच येऊन बसलो होतो, टेबलावरची धूळ पुसत होतो, तेवढ्यात शैलाचा फोन आला. "दादा, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. गारखेड्याला त्यांच्या घरी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं होतं, झोपेतच. मी पायरीवर बसलो आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो लिहायला लाज वाटते… पण आज लिहायचं ठरवलंय. मला वाटलं, आता ते कुणाला कळायचं नाही.

शैला माझी मामेबहीण, आणि भास्कर तिचा नवरा. हे स्थळ मीच आणलं होतं. आमच्या कॉलेजात तो भूगोल शिकवायचा आणि मी आस्थापनेचं टेबल सांभाळायचो, पुढं अधीक्षक झालो. नात्यानं तो माझा दाजी, पण मी त्याला कधी दाजी म्हटलं नाही आणि त्यानं मला कधी अनंतराव म्हटलं नाही. त्याच्यासाठी मी अंत्याच. सगळ्या कार्यालयादेखत खिडकीतून हाक मारायचा, "अंत्या, माझी रजा खाल्ली का रे?"

त्याला पाण्याचं वेड होतं. आपल्या शहरात ते सगळ्यांनाच असतं म्हणा, आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या घरात दुसरं काय असणार. पण भास्करचं वेड निराळं. शैला हंडे-बादल्या भरायच्या धांदलीत असायची आणि हा गच्चीवर टाकीत काठी घालून मापं घ्यायचा. पोरांना हर्सूलच्या तलावावर न्यायचा, जुन्या भूमिगत नहरींची तोंडं दाखवायचा, दौलताबादच्या किल्ल्यावर तोफ न दाखवता खडकातल्या टाक्यांपाशी तासभर उभं करायचा. वर्गात भूमध्य सागरी हवामान शिकवायला लागला की आवाज बदलायचा. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, संत्री, ऑलिव्ह, चुनखडक. एकदा मला म्हणाला, "तीस वर्षं झाली हे बोलतोय. शप्पथ सांगतो, एखाद्या पोरानं विचारलं ना, सर तुम्ही बघितलं का, तर मी काय सांगू?" मी म्हटलं, "कोण विचारतंय रे." तो म्हणाला, "तेच तर. कुणी विचारत नाय."

गेल्या वर्षी पावसाळ्यात, दुपारी तास संपल्यावर, त्यानं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. दिवाळीच्या सुट्टीत परदेशी जायची परवानगी. बारा दिवस, माल्टा.

"कुठं आलं हे?"

"सिसिलीच्या खाली. बेट हाय. एक नदी नाय तिथं."

"मग काय हाय?"

"ऊन."

मला हसू आलं. "ऊन खायला समुद्र ओलांडून चालला? इथं कमी पडलं का तुला?"

"ते ऊन वेगळं," तो म्हणाला, आणि इकडंतिकडं बघत आवाज खाली आणला. "कुणाला बोलू नको हां. लोक लई चेष्टा करतील."

चेष्टा होईल हे कारण त्यानं सांगितलं होतं, ते माझ्या कानात शिरलंच नाही. फक्त 'कुणाला बोलू नको' शिरलं. अर्जात एक रकाना असतो, सोबत येणाऱ्या व्यक्तीचं नाव व नातं. तो रिकामा होता.

मी संशयी माणूस आहे, हे मान्य करतो. तीस वर्षं लोकांची वैद्यकीय प्रमाणपत्रं तपासून माणूस दुसरा काय होणार. आजारी माणसाच्या पायातले ट्रेकिंगचे बूट मला आधी दिसतात. भास्करकडं मी तसा बघायला लागलो. त्यानं उन्हाची टोपी घेतली, मोठ्या काठाची, ती कपाटात दडवून ठेवली. नवे दोन शर्ट आले. फोन आला की स्टाफरूममधून उठून व्हरांड्याच्या टोकाला जायचा. एकदा मी मस्टर घेऊन मुद्दाम त्याच्या मागनं गेलो. पलीकडं बाईचा आवाज होता. हा इंग्रजीत म्हणत होता, "येस मॅडम, अलोन… ओन्ली मी." आणि हसत होता. इतकं मोकळं हसताना मी त्याला पाहिलंच नव्हतं.

शैलाला विचारता आलं असतं. घर स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मी तर मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा झालो होतो. बहिणीचा संसार वाचवतोय असं मी स्वतःला समजावलं. त्यात किती बहीण होती आणि किती हेवा, ते आज मला सांगता येत नाही. मी उभ्या आयुष्यात तिरुपतीच्या पुढं गेलेलो नाही.

आमच्या कार्यालयात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. तशी पद्धतच नाही. विचारायचं असतं. मी टिप्पणी लिहिली, "सोबत येणाऱ्या व्यक्तीचा तपशील नमूद नाही. खुलासा मागवावा." मी पेन्सिलीनं फुली मारतो तिथं प्राचार्य सही करतात, वाचत नाहीत. कागद भास्करकडं गेला. तो खिडकीशी आला.

"अंत्या, हे काय रे?"

"वरून आलंय," मी म्हटलं.

त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी खुलासा आला. मी एकटाच जात आहे, पत्नीस विमानप्रवास मानवत नाही. सरळ, दोन ओळींत. मी तो चार वेळा वाचला आणि प्रत्येक वाचनाला माझी खात्री वाढत गेली. इतकं सरळ कोण लिहितं? मग मी परीक्षेच्या कामाचं काढलं, त्याच्या जागी कोण, त्याचं लेखी संमतीपत्र कुठंय. ते आणायला पंधरवडा गेला. तोवर मुंबईची व्हिसाची तारीख निघून गेली आणि पुढची मिळाली नाही. परवानगी मी दिली, तारीख गेल्यावर. फाईल नीट पूर्ण केली. त्या बाबतीत माझ्या टेबलावर कधी काही राहत नाही.

दिवाळीत भास्कर घरीच होता. भाऊबीजेला मी गेलो. शैलानं पाट मांडला, ओवाळलं, आणि निरांजन खाली ठेवता ठेवता म्हणाली, "दादा, ह्यांचं बेट राहिलं बघ."

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"मला? अरे, मीच मागं लागले होते. पुण्याच्या विमानात माझे कान असे काही दुखले होते, मी म्हटलं मी नाही बाई, तुम्ही या जाऊन एकदा एकटे. ती घरमालकीण रोज व्हिडिओवर घर दाखवायची. पंच्याहत्तरची आहे म्हातारी. घराखाली खडकात कोरलेलं टाकं, त्यात पावसाचं पाणी. हे तर येडेच झाले ते बघून. म्हणाले, तिच्याकडंच उतरतो, रोज खाली उतरून बघता येईल." मग ताटातला करंजीचा चुरा बोटानं गोळा करत म्हणाली, "तुमच्या हाफिसात कोण आहे रे असला? कुणाचं चांगलं बघवत नाही त्याला."

"वरचे लोक असतात," मी म्हटलं.

भास्कर समोर बसून सीताफळ खात होता. दौलताबादचं असतं तसं, मोठ्या डोळ्यांचं. एकेक बी काढून बशीत ठेवत होता. मान वर न करता म्हणाला, "जाऊ दे गं. बेट काय पळून जातंय का."

त्या दिवसापासून माझा संशय उलटला. आता मला वाटायला लागलं, ह्याला माहीत आहे. माझं अक्षर, माझी वाक्यं तो तीस वर्षं वाचत आलेला. 'वरून' म्हणजे कुठून, हे त्याला कळलं नसेल? पण तो तसाच यायचा. चार वाजता चहाला माझ्या टेबलाशी खुर्ची ओढायची आणि बेटाचं बोलायचं. विमानतळावरून बस कुठली, दुसऱ्या दिवशी कुठल्या गावात, पावाबरोबर काय खातात. वर म्हणायचा, "ह्या खेपेला अर्ज तुझ्या हातातच देतो, हातोहात." मी त्याच्या चेहऱ्यात टोमणा शोधायचो. सापडला नाही. मग वाटायचं, टोमणा नाही हीच शिक्षा आहे. कधी वाटायचं, ह्याला खरंच काही माहीत नाही, मी एका भोळ्या माणसासमोर उगाच घाम पुसतोय. दोन्हींपैकी खरं काय, ते मी विचारलं नाही. रोज चार वाजता विचारता आलं असतं. मी साखर जास्त झालीय का एवढंच विचारत राहिलो.

एप्रिलात अर्ज द्यायचा होता. मार्चात तो गेला.

चौदावा झाल्यावर काही दिवसांनी शैलानं मला बोलावलं, पेन्शनचे कागद बघायला. त्याच्या खोलीत बसलो. भिंतीवर काही नव्हतं, मला वाटत होतं नकाशा असेल. खिडकीच्या कठड्यावर मात्र औषधाच्या जुन्या बाटल्या होत्या ओळीनं, पाणी भरलेल्या, चिकटपट्टीवर त्याचं बारीक अक्षर: हर्सूल, पाणचक्की, घरचा नळ, टँकर. एक बाटली रिकामी, तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. शैला ती रोज पुसते म्हणाली. ती कशासाठी ठेवली होती ते मला कळलं.

तिनं चहा आणला. कप माझ्या हातात देताना सहज बोलावं तसं म्हणाली, "ह्यांना माहीत होतं दादा, कुणी अडवलं ते. मी लई विचारलं. नाव नाही सांगितलं. म्हणाले, सांगितलं तर तुझ्याच्यानं त्या माणसाला चहा देववणार नाही."

कप माझ्या हातात होता. ती माझ्याकडं बघत होती की खिडकीकडं, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. तिला ठाऊक असेल आणि तिनं मला संधी दिली असेल. किंवा तिला काहीच ठाऊक नसेल. मी चहा प्यायलो. कागदांवर सह्या कुठं करायच्या ते दाखवलं, पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या, आणि निघालो.

भास्करनं ते नाव शेवटपर्यंत राखलं, ते माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. भाऊ म्हणून तिला कुणीतरी उरावं म्हणून. हे मला कळायला फार दिवस लागले. हा मजकूर वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापून येईल आणि शैला ती पहिल्या पानापासून वाचते. त्याआधी, शनिवारी, मला गारखेड्याला जायचं आहे. ते नाव तिला माझ्या तोंडानं सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.