शारजातला किल्ला आणि जपानी आजोबा

आमच्या शारजाच्या वर्कशॉपमध्ये जपानी आजोबा पहिल्यांदा क्लायंटसमोर आले, तेव्हा मधल्या टेबलावर एका टॉवरचं मॉडेल उभं होतं. माझ्या खांद्याएवढं, निळ्या काचेचं, आणि गच्चीवर चंद्रकोरीच्या आकाराची कमान. क्लायंटचा मार्केटिंग मॅनेजर खूश होऊन त्याचे फोटो काढत होता. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, मॉडेलभोवती एक फेरी मारली, गुडघ्यावर बसले आणि तिसऱ्या मजल्यावर बोट ठेवून म्हणाले, "यहाँ से गिरेगा. बहुत ब्यूटिफुल गिरेगा."

मार्केटिंगवाल्याच्या हातातला फोन खालीच आला. मी घाईघाईनं सांगितलं की जपानमध्ये भूकंप फार, त्यामुळे तिकडे कौतुक असंच करतात. त्याला ते पटलं नाही, पण बिल पास झालं. त्या दिवसापासून आजोबांना क्लायंटसमोर आणायचं नाही असा नियम मी केला आणि आजोबांनी तो दर आठवड्याला मोडला.

आमचा धंदा बिल्डरांना मॉडेलं करून देण्याचा. जी इमारत अजून खड्ड्यातसुद्धा नाही, तिची छोटी प्रतिकृती करायची, आत दिवे लावायचे, खाली बोटभर झाडं आणि नखभर मोटारी ठेवायच्या, की गिऱ्हाईक त्या दिव्यांकडे बघत बघत फ्लॅट बुक करतं. मी पुण्याहून शिल्पकला शिकून आलेला माणूस आणि इथे नखभर मोटारींना रंग देणाऱ्यांचा मॅनेजर झालो होतो. तक्रार करत होतो, पण पगार घेत होतो. आमच्या लेबनानी मालकाला मॉडेलमध्ये खरं पाणी, खरं धुकं, हलणारी रेल्वे असलं काय काय हवं होतं, म्हणून त्यानं जपानहून या म्हाताऱ्याला आणलं. कोकणातले आमचे सुतार त्यांना पहिल्या दिवसापासून आजोबा म्हणायला लागले. फोरमन, सुपरवायझर तसं हे एक पद असावं, अशी आजोबांची बरेच दिवस समजूत होती आणि त्या पदाचा त्यांना अभिमानही होता.

आजोबांची सगळी उमर शहरं पाडण्यात गेली होती. डोंगराएवढं जनावर समुद्रातून वर येतं आणि शहर तुडवत जातं, तसल्या सिनेमांतली ती शहरं ते बांधायचे. स्टुडिओत लागले ते प्लास्टर कालवायला, आणि वर चढत चढत ट्रिक सीनचे मुख्य झाले. जेवणाच्या सुट्टीत आमच्या डाळभातावर ताव मारत ते हे सांगायचे. इंग्रजीत सुरुवात करायची आणि रंगात आले की सुतारांकडून उचललेल्या हिंदीत घुसायचं. "छोटा चीज जल्दी गिरता है. बड़ा चीज धीरे गिरता है. तो कॅमेरा फास्ट चलाने का, फिर पिक्चर में सब धीरे. समझा? भारी दिखने का!" हे त्यांच्या स्टुडिओत आधी कुणालाच साधलं नव्हतं म्हणे. आपण पहिले, असं ते छाती ठोकून सांगायचे, आणि नम्रता वगैरे भानगड त्यांच्यात अजिबात नव्हती.

घरांची कौलं ते आइस्क्रीमच्या कोनाची करायचे, कारण ती छान चुरा होतात. एकदा शूटिंगच्या आदल्या दिवशी उंदरांनी अख्खी पेठ खाऊन टाकली. निर्माता रडायला लागला, तर यांनी उरलेल्या अर्ध्या गावाला मागे आरसा लावून ते पूर्ण दाखवलं. जनावराच्या रबरी कातड्यातला नट दिव्यांच्या उष्णतेनं चक्कर येऊन पडायचा. त्या पडण्यात चुकून एक पूल मोडला, तर यांनी तोच सीन ठेवला. पुढे कॉम्प्युटर आला. पोरं खुर्चीत बसून शहरं पाडायला लागली, आणि आजोबांचं प्लास्टर तसंच गोणीत राहिलं.

समुद्राच्या लाटांसाठी ते चायना ग्रासची जेली वापरायचे. पाणी लहान टाकीत लहानच दिसतं, जेली घट्ट असते, तिच्यावर वाऱ्याच्या रेघा मोठ्या समुद्रासारख्या उमटतात. आमच्या एका मॉडेलच्या खाडीसाठीही त्यांनी तेच केलं. दिसली अप्रतिम. पण प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी त्या खाडीला असा वास सुटला की क्लायंटनं चारी कोपऱ्यांत ऊद जाळला, आणि माझी बायको, जिच्या किराणा दुकानातून मी ते चायना ग्रास पोत्यानं आणवलं होतं, आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

मग मंदी आली. आली म्हणजे एका सकाळी फोन वाजायचे बंद झाले. तयार मॉडेलं न्यायला कोणी येईना. ज्यांच्या ऑफिसात आम्ही अत्तर लावून जायचो, तिथे कुलूप. पहिल्या वर्षी मालकानं निम्मी माणसं कमी केली. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यानं गोडाऊनही सोडायचं ठरवलं आणि मला म्हणाला, "हबीबी, ऑल धिस, थ्रो. खलास." त्या 'खलास'मध्ये आजोबाही होते. त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. दिवाळी संपली की त्यांनी जायचं होतं.

मला वाईट वाटलं आणि रागही आला. आजोबा मात्र टॉवरांच्या रांगेसमोर उभे राहून म्हणाले, "ये सब ऐसे ही कचरे में? एक भी गिराने का नहीं?" आयुष्यभर आपण जी शहरं झोकात पाडली, त्यांच्यापेक्षा ही चांगली आहेत आणि ही नुसती फेकून देणार, असं ते सांगत होते. एकदा, फक्त एकदा, शेवटचं नीट पाडायचं होतं त्यांना. कॅमेऱ्यासमोर आणि माणसांसमोर.

आमच्या मराठी मंडळाची दरवर्षी दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा असायची. इथल्या वाळूत किल्ला करणं म्हणजे शुद्ध हट्ट. लाल माती नर्सरीतून विकत आणायची, हिरवळीसाठी अळीव पेरायचे आणि पोरांना ओरडून ओरडून टॅब्लेटपासून उठवायचं. मी आजोबांना समजावून सांगितलं की आमच्याकडे दिवाळीत मुलं मातीचा डोंगर करतात, त्यावर तटबंदी, बुरूज, खाली गाव, चिमुकले मावळे. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि नेमका एकच प्रश्न विचारला. "फिर क्या करता है?"

"फिर क्या, आखिरी दिन बुर्ज में सुतली बॉम्ब लगाके उड़ा देता है."

आजोबा खुर्चीवरून उठले. ज्या देशातली पोरंसोरं हा धंदा घरच्या घरी करतात, तिथे जन्मायचं सोडून आपण जपानात काय करत होतो, अशा चेहऱ्यानं ते माझ्याकडे बघत राहिले.

इथे फटाक्यांना बंदी. त्यामुळे उडवायचं ते तारांनी, हे त्यांनी लगेच ठरवलं. शाळेच्या मागच्या अंगणात आमचा किल्ला उभा राहिला. प्लास्टर, पोती, माती. अळीव उगवले तेव्हा आजोबा अक्षरशः हरखले. खरी झाडं, बरोब्बर मापाची, आणि फुकट! तटबंदीच्या प्रत्येक तुकड्याला त्यांनी आतून करवतीनं चिरा दिल्या, बारीक तारा बांधल्या आणि जमिनीखालून मागे आणल्या. बालेकिल्ल्याला काही तरी उंच हवं होतं. गोडाऊनमधून ते स्वतः टॉवर निवडून घेऊन आले. निळी काच, वर चंद्रकोर. तिसऱ्या मजल्याला चिरा देताना ते गुणगुणत होते. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, धिस इज सो नॉट अ फोर्ट." तिला मी मावळे रंगवायला बसवलं.

सगळं ठीक चाललं होतं, तोवर मंडळाचे अध्यक्ष पाहणीला आले. अध्यक्ष म्हणजे एका कंपनीत फायनान्स मॅनेजर, माझ्याहून वयानं मोठे, सभेत घड्याळ लावून बोलणारे आणि इतरांना बोलू न देणारे. ते हसत हसत आले, बालेकिल्ल्यापाशी थांबले आणि हसायचे थांबले. मग त्यांनी चंद्रकोरीखालच्या एका खिडकीवर अलगद बोट ठेवलं.

"हा माझा आहे रे."

"काय तुमचं, साहेब?"

"फ्लॅट. सी व्ह्यू. हा बघ, हा आमचा हॉल. हे मॉडेल तुझ्याकडे कसं? बिल्डरवाले तर मला म्हणाले एक्झिबिशनला फॉरेनला पाठवलंय."

"कुणी न्यायलाच आलं नाही, साहेब."

"प्रोजेक्ट फक्त डिलेड आहे," ते म्हणाले. आवाज सभेतलाच होता, पण त्यात हवा कमी होती. "नेक्स्ट इयर काम सुरू होतंय, इन्शाल्ला. आणि तू हा पाडणार? आमच्या हिच्यासमोर? अरे, तिनं पडद्याचं कापडसुद्धा घेऊन ठेवलंय."

मी आजोबांकडे गेलो. आजोबा म्हणाले, नाही. सगळं शहर पडतं आणि मधोमध एक उभं राहतं, तर लोक म्हणतील तार तुटली. शॉट मेला. "तार हाथ में लिया, तो खींचने का. पूरा लाइफ में एक बार भी नहीं छोड़ा." मी अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष म्हणाले, मंडळाच्या कार्यक्रमात अशुभ चालणार नाही, मी कमिटीपुढे ठेवतो. मी परत आजोबांकडे गेलो. असा दिवसभर मी दोन म्हाताऱ्यांमध्ये निरोप्या झालो, आणि शेवटी दोघांवरही डाफरलो. म्हटलं, एकाचं घर कागदावर, दुसऱ्याचं शहर प्लास्टरचं, आणि डोकं माझं खरं उठलंय. दोघेही रुसले. बायको म्हणाली, "तुम्ही कशाला मध्ये पडता? त्यांचं त्यांना बघू द्या." शेवटपर्यंत काही ठरलं नाही, हेच ठरलं.

कार्यक्रम दुपारी उन्हं कलली तेव्हा. आजोबांना तोच उजेड हवा होता. लोक चकल्या खात जमले. आजोबा किल्ल्याच्या मागे पाटावर बसले, सगळ्या तारांची टोकं बोटांना गुंडाळून. समोर कॅमेऱ्यावर मी. अध्यक्ष पहिल्या रांगेत जरीच्या कुर्त्यात उभे होते आणि त्यांच्या बायकोनं त्यांचा दंड धरला होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"यल्ला! चलो!" आजोबा ओरडले.

आधी महादरवाजा गेला. मग एका बाजूची तटबंदी एकामागून एक अशी बसली की बघणारे मागे सरले. बुरूज वाकले, थबकले आणि मग खाली आले. आजोबांनी आत सिमेंट आणि टाल्कम पावडर भरून ठेवली होती, त्या धुळीत सगळं दिसेनासं झालं. सगळे खोकत होते. कुणी तरी लहान मूल रडायला लागलं. धूळ हळूहळू खाली बसली. आधी चंद्रकोर दिसली. मग निळी काच. टॉवर उभा होता.

"बाबा, वन इज स्टिल स्टँडिंग," माझी मुलगी म्हणाली.

आणि मग टाळ्या. मी त्या अंगणात आरतीलाही कधी इतक्या जोरात टाळ्या ऐकल्या नव्हत्या. अध्यक्ष जरीच्या कुर्त्यासकट मातीत बसले आणि सगळ्यांसमोर रडले. मीही डोळे पुसले आणि दोष टाल्कम पावडरला दिला. स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला. परीक्षकांना तो किल्ला वाटला नव्हता.

अध्यक्षांनी टॉवर पिकअपमधून घरी नेला. खरी जागा अजून पत्र्याच्या कुंपणात आहे, आत नुसती वाळू. पण दिवाळीला त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी मॉडेलचे दिवे लागतात, आणि त्यामागच्या खिडकीला तेच पडदे आहेत.

आजोबांना विमानतळावर मीच सोडलं. हात मिळवला तेव्हा त्यांच्या करंगळीवर तारेचा खोल वळ दिसला. शेवटची तार त्यांनी ताणून धरली होती, इतकी की बोट कापलं होतं.

"आजोबा, तार तो हाथ में था," मी म्हणालो. "खींचा क्यों नहीं?"

त्यांनी करंगळी खिशात घातली. "फोकस ठीक नहीं था," ते चिडून म्हणाले आणि ट्रॉली ढकलत आत गेले.

कॅमेरा माझ्याकडे होता. फोकस अगदी ठीक होता.