घराकडे वळलेली वात

आमच्या शहराबाहेर, कोवलमच्या किनाऱ्यावर न्यायदेवाचं छोटं देऊळ आहे. ज्यानं अन्याय केला, त्याच्या घराकडे वात वळवून दिवा लावायचा. नाव घ्यायचं नाही. माझी बढती अडवणाऱ्या साहेबांचं घर तांबरमला, म्हणून मी वात तिकडे वळवली. शेजारी बायकोनंही दिवा लावला. तिची वात मैलापूरकडे, आमच्याच घराकडे होती.

"अगं, दिशा चुकली तुझी."

"नाही हो, बरोबर आहे."

तिच्या आजारी आईला मी आमच्याकडे राहू दिलं नव्हतं. आई गेल्या, तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

वाऱ्यानं माझा दिवा विझला. तो मी पुन्हा लावला नाही. तेल संपेपर्यंत तिच्या दिव्याला हाताचा आडोसा धरून उभा राहिलो.